प्रतिसृष्टीचे पहिले पाठ

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आजच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविले. शिक्षणाचे महत्त्व, व्यसनमुक्ती, विवाहातील अनाठायी खर्च हे विषय आपण दरवर्षी ऐकता, आणि ते ऐकणे आवश्यकही आहे. परंतु यंदा गुणगौरवासाठी आलेल्या मुलामुलींपैकी अनेकांनी ‘पुढे काय करणार?’ या प्रश्नास ‘संगणक’ असे एका शब्दाचे उत्तर दिले. त्या एका शब्दाच्या आत पहिल्या दिवशी नेमके काय करावयाचे, हे मात्र फारच थोड्यांना सांगता आले. म्हणून आम्ही आज एकच लहानसा दरवाजा उघडून दाखविणार आहोत. पडणारा चेंडू, झुलणारा लंबक, एकमेकांवर आदळणारे ठोकळे यांची गती संगणकाकडून काढून घेण्याची जी तयार साधने आहेत, ती नवशिक्याने हाती कशी धरावीत, हा आजचा विषय होय.

सुताराच्या ज्ञातीत हा विषय उपरा वाटण्याचे कारण नाही. वजन कोठे पडते, आधार कोठे हवा, सांधा किती ताण सोसील, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नजरेने आणि हाताने ओळखले, त्यांचे आपण वंशज आहोत. ओळंबा सोडून भिंतीची सरळ रेषा पाहणारा कारागीर गुरुत्वाकर्षणाचाच उपयोग करीत होता. त्याला तो शब्द ठाऊक नसेल, एवढेच. आज त्याच ज्ञानाला अंकांची भाषा मिळाली आहे.

विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी निर्माण केली, ही कथा आपणांस परिचित आहे. संगणकावरील हा प्रकारही एक प्रतिसृष्टीच होय. तिच्यात आपण वस्तू ठेवतो, त्यांना वस्तुमान देतो, गुरुत्वाकर्षण लावतो, आणि मग काळ पुढे ढकलतो. न्यूटनने १६८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेले गतीचे नियम तेथे क्षणोक्षणी हिशेब करून पाळले जातात. हा हिशेब करणाऱ्या तयार आज्ञावलीच्या संचास ‘लायब्ररी’ म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर हत्यारांची पेटी. रंधा चालविणारा सुतार रंध्याचे पाते स्वतः घडवीत बसत नाही. ते तो लोहाराकडून आणतो आणि आपले लक्ष लाकडावर ठेवतो. तद्वतच दोन वस्तूंची टक्कर झाली की नाही हे शोधण्याचे किचकट गणित दुसऱ्या कोणी करून ठेवलेले असते.

अशा पेट्या अनेक आहेत. एरिन कॅटो यांची ‘बॉक्स-टू-डी’ ही त्यांपैकी एक. २००९ साली निघालेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ या खेळातील पक्ष्यांचे उडणे आणि लाकडी मनोरे कोसळणे तिच्याच हिशेबाने घडत असे. यंत्रमानवांच्या अभ्यासासाठी ‘मुजोको’ नावाची लायब्ररी वापरतात. ती २०२२ पासून सर्वांस खुली झाली आहे. परंतु अगदी नवशिक्यास आम्ही ‘पायमंक’ सुचवितो. स्कॉट लेम्बके यांच्या ‘चिपमंक’ या लायब्ररीवर व्हिक्टर ब्लॉमक्विस्ट यांनी पायथॉन भाषेचे आवरण चढवून ती तयार केली. ती विनामूल्य आहे, ‘पिप’ या साधनाच्या एका ओळीच्या आज्ञेने संगणकावर बसते, आणि दहा-वीस ठोकळ्यांच्या खेळास जुना, साधा संगणकही पुरतो.

आता प्रत्यक्ष पाठांकडे वळू.

पहिला पाठ चार शब्दांचा आहे: स्पेस, बॉडी, शेप आणि स्टेप. स्पेस म्हणजे प्रतिसृष्टीचे आकाश. बॉडी म्हणजे पिंड. त्याला वस्तुमान, जागा आणि वेग असतो, परंतु रूप नसते. शेप म्हणजे त्या पिंडास जोडलेला आकार, वर्तुळ किंवा चौकोन. स्टेप म्हणजे काळाचे एक पाऊल. पिंड आणि आकार ही दोन्ही आकाशात घालावी लागतात. केवळ पिंड घातला तर तो पडेल, पण कशावरही आदळणार नाही. जमिनीसाठी ‘स्थिर’ जातीचा पिंड घ्यावा, अन्यथा जमीनही चेंडूबरोबर खाली जाऊ लागेल. आणि एक गंमत ध्यानात ठेवावी. पायमंकमध्ये गुरुत्वाकर्षण आपण सांगेपर्यंत शून्य असते. ते सांगावयाचे राहिले तर आपला चेंडू त्रिशंकूप्रमाणे अधांतरी लोंबकळत राहतो, आणि नवशिका समजतो की यंत्र बिघडले.

लायब्ररी फक्त हिशेब करते, चित्र काढीत नाही, हेही येथेच समजून घ्यावे. चित्रासाठी ‘पायगेम’सारखे दुसरे साधन लागते. आमचा सल्ला असा की, पहिल्या दिवशी चित्राच्या मागे लागूच नये. प्रत्येक पावलानंतर चेंडूची उंची अंकांत छापून पाहावी. अंक कमी होत गेले म्हणजे चेंडू पडत आहे. एवढे कळले की पहिला दिवस सार्थकी लागला.

दुसरा पाठ काळाच्या पावलाचा. निसर्गात काळ अखंड वाहतो. संगणकात तो तुकड्यांनी सरकतो. लहान तुकड्यात वेग क्षणभर कायम मानावयाचा, वस्तू तेवढी सरकवावयाची, आणि पुन्हा वेग मोजावयाचा, ही युक्ती लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडली. ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू एका सेकंदात ४.९ मीटर पडते, हे शाळेतील सूत्र. आता सेकंदाचे १० तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात आधी वेग वाढवा व मग वस्तू सरकवा, उत्तर ५.३९ मीटर येईल. ६० तुकडे करा, ४.९८ येईल. १०० करा; ४.९५ येईल. पाऊल लहान तितके उत्तर सत्याच्या जवळ, पण हिशेबाचे श्रम अधिक. उलट आधी वस्तू सरकवून मग वेग वाढविला, तर दहा तुकड्यांचे उत्तर ४.४१ येते. पहिली चूक जितकी वर, तितकीच ही खाली. असे का व्हावे, हे विद्यार्थ्यांनी घरी शोधून काढावे.

खेळांत बहुधा सेकंदाचा साठावा भाग हे पाऊल घेतात. ते एकदा ठरविले की बदलू नये. संगणक मंद झाला म्हणून पाऊल लांबविले, तर तोच मनोरा एके दिवशी उभा राहील आणि दुसऱ्या दिवशी कोसळेल.

तिसरा पाठ मापाचा. सुताराच्या मुलास हा सांगण्याची गरज पडू नये. कोणी गजाने मापले आणि कोणी फुटाने, तर चौकटीत दार बसणार नाही. पायमंकला मीटर की बिंदू हे ठाऊक नसते; ते ठरविणारे आपण. पडद्यावरील एक बिंदू हे एकक मानून गुरुत्वाकर्षण मात्र पुस्तकातले ९.८ दिले, तर ६०० बिंदू उंचीवरून सुटलेला चेंडू खाली यावयास सुमारे ११ सेकंद घेतो आणि फुग्यासारखा तरंगत येतो. त्याऐवजी ९८१ दिले, म्हणजे एक बिंदू हा एक सेंटिमीटर मानला, तर तोच चेंडू १.१ सेकंदात खाली येतो. शिवाय पडद्यावर उंची वरून खाली मोजण्याची रीत आहे, गणितात खालून वर. गुरुत्वाकर्षणाचे चिन्ह चुकले की चेंडू आकाशाकडे पडू लागतो!

चौथा पाठ टकरेचा. चेंडूस उसळी दिली, तरी तो जमिनीवर मातीच्या गोळ्यासारखा बसतो, अशी तक्रार प्रत्येक नवशिका करतो. कारण असे की, पायमंकमध्ये दोन्ही आकारांच्या उसळीचा गुणाकार होतो, आणि न सांगितलेली उसळी शून्य असते. चेंडूची उसळी ०.९ आणि जमिनीची शून्य, तर गुणाकार शून्यच. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपल्या आजीबाईंचे वचन येथे शब्दशः खरे ठरते. घर्षणाचीही रीत हीच.

पाचवा पाठ असा की, वेगवान वस्तू भिंतीतून पार जाऊ शकते. सेकंदाला ६० मीटर वेगाची गोळी साठाव्या भागात १ मीटर पुढे जाते. भिंत १० सेंटिमीटरची असेल, तर एका पावलास गोळी अलीकडे, पुढच्या पावलास पलीकडे. मध्ये ती भिंतीत कधी सापडतच नाही. बॉक्स-टू-डीमध्ये यावर बंदोबस्त केलेला आहे. पायमंकमध्ये भिंत जाड करावी किंवा पाऊल लहान करावे.

हे पाच पाठ झाले की कसोटी घ्यावी. घरी एक दोरा घेऊन त्यास लोखंडी नट बांधावा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवावे. थोडासाच झोका देऊन दहा पूर्ण आंदोलने मोजावीत. सुमारे २० सेकंद लागतील. नट बदलून दुप्पट वजनाचा लावला, तरी २०च. आता तोच लंबक प्रतिसृष्टीत बांधावा. त्यासाठी पायमंकमध्ये अंतर कायम राखणारा सांधा आहे, बिजागरीसारखा सांधा आहे, आणि कमानीसारखा सांधाही आहे. आपल्या ज्ञातीस हे सांधे नव्याने समजावून सांगावयास नकोत. तेथेही २० सेकंद आले, तर आपली आज्ञावली बरोबर. न आले, तर दोष दोऱ्याचा नव्हे, आज्ञावलीचा. संगणकाचे उत्तर म्हणजे सत्य नव्हे. सत्य त्या दोऱ्याला टांगलेले आहे. पडद्यावर सुंदर हलणारे चित्र पाहून जो निसर्गास विचारावयाचे विसरतो, तो ओळंबा न लावता भिंत रचणाऱ्यासारखा होय.

मित्रहो, आता मुख्य गोष्ट सांगतो. या मार्गात अडचण गणिताची नसते. धीर सुटण्याची असते. तीन दिवस चेंडू हलत नाही, पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो, आणि मराठी शाळेतून आलेला मुलगा किंवा मुलगी मनाशी म्हणते, ‘हे आपल्या डोक्याचे काम नव्हे.’ तिचे हे म्हणणे कोणाच्या कानी जात नाही. ती कोठे नापास होत नाही. ती नुसती थांबते. अशा शांतपणे थांबलेल्या मुलांची नोंद आपल्या अहवालात कधी येत नाही, परंतु ज्ञातीची खरी हानी ती आहे.

अशा मुलांस आमचे सांगणे एवढेच. त्या तांबड्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचावी. पायथॉन आपली तक्रार तेथेच सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि इंग्रजीचे भय बाळगू नये. वेग, त्वरण, वस्तुमान, घर्षण हे तुम्ही मराठीत शिकलात, आणि विचार त्याच शब्दांत चालतो. पायथॉनच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपल्या वस्तूंना ‘चेंडू’, ‘जमीन’, ‘लंबक’ अशी देवनागरी नावे देता येतात. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतील, पण ते मोजके आहेत. महिनाभरात हातवळणी पडतात.

पालकांसही दोन शब्द. पडद्यावर चेंडू उसळताना दिसला म्हणजे मूल खेळतच आहे, असा ग्रह करून घेऊ नये. ‘हा असा का उसळला?’ एवढे विचारावे. उत्तर देता आले, तर ते शिकत आहे. आणि हजारो रुपये भरून कोठल्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी महिनाभर घरीच या विनामूल्य साधनावर मुलाची आवड पारखून घ्यावी. लाकूड विकत घेण्यापूर्वी आपण ते ठोकून पाहतोच की!

मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करून आम्ही हे भाषण आटोपते घेतो. आपल्या वास्तूत एक संगणक ठेवावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी तेथे बसावे. त्यांनी शिकवावेच असे नाही. अडलेल्यास शेजारी कोणी आहे, एवढेही पुष्कळ आहे. पूर्वी कारखान्यात वडिलांच्या शेजारी बसून मुलगा पटाशी धरावयास शिकला, तो कोणत्या पुस्तकाने? शेजारी बसल्यानेच. हत्यार बदलले आहे. शेजार मात्र आपण बदलू देऊ नये.