छिद्र भरावं, पण कशानं?

सज्जनहो, आजच्या निरूपणाला विषय घेतला आहे एका भोकाचा. हसू नका! आपल्या भाषेत छिद्र म्हणजे भोक आणि छिद्र म्हणजे दोषही. दुसऱ्याचे दोष हुडकत हिंडणाऱ्याला आपण छिद्रान्वेषी म्हणतो. असे हुडकणारे वाडीवाडीत आहेत. छिद्र नीट भरायचं कसं, हे मात्र सुताराकडूनच शिकावं लागतं.

आपल्या मालवण-कुडाळकडे चतुर्थी जवळ आली की घरोघर गणपतीचा पाट आणि माटवी खाली काढतात. कुठे पाटाचा पाय हलतो, कुठे माटवीची चौकट सुटते. मेस्त्रीला बोलावणं जातं. पूर्वी तो लाकडात खाच पाडून दुसऱ्या लाकडाचं टोक तिच्यात बसवी. आता ड्रिल मशीन आलं. फळीत तिरकं भोक पाडायचं, सुमारे १५ अंशांचं, आणि त्यातून स्क्रू शेजारच्या फळीत पिळायचा. सांधा घट्ट होतो, पण फळीवर लांबट तोंडाचं भोक उरतं. तसंच ठेवलं तर त्यात धूळ बसते, ओल शिरते, आणि आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजायला वेळ लागत नाही.

मग ते भरायचं कशानं? सोपा उपाय म्हणजे भुसा आणि सरस कालवून थापायचा, वर रंग मारायचा. पाट नवा दिसतो! पण मंडळी, झाड तोडलं तरी लाकूड पाऊस विसरत नाही. पावसाळ्यात ते आडव्या अंगानं फुगतं, वैशाखात आकसतं. थापलेला लगदा त्याच्याबरोबर हलत नाही. काही पावसाळे गेले की कडेनं चीर पडते आणि भोक पुन्हा बोलू लागतं.

जाणता मेस्त्री काय करतो बघा. आधी भोक साफ करतो, आतला स्क्रू घट्ट आहे ना, गंजलेला नाही ना, हे पाहतो. आत गंज ठेवून वर बूच मारलं, तर तो सांधा एक दिवस घात करणार. मग फणसाच्या पाटाला फणसाचीच खुंटी घेतो. ती खडखडीत सुकलेली हवी. ओली खुंटी आज घट्ट बसते, उन्हाळ्यात आकसून गळून पडते. खुंटीच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवतो, सरस लावून ठोकतो, आणि ती वर थोडी उंच ठेवतो. घरधनी घाई करतो. मेस्त्री म्हणतो, "रवा जरा, सुकांदे." सुकल्यावर मग हलक्या हातानं रंधा.

आता हे घरात आणा. समजा, दोन भाऊ आहेत. एक गावी, एक मुंबईला. कलमांच्या वाटणीवरून एकानं दुसऱ्याला चारचौघांत टोचून बोललं. पडलं भोक! पुढच्या चतुर्थीला मुंबईकरानं मोठं मखर पाठवलं, दिव्यांच्या माळा पाठवल्या. आरती जोरात झाली, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. का? तो भुसा आणि सरस होता, बाबांनो. शब्दानं पडलेलं भोक शब्दानंच भरतं. चारचौघांत बोललात ना, मग चारचौघांतच म्हणा, "दादा, चुकलंच माझं." जातीला जात, रेषेला रेष.

तेही राग ओला असताना नको. ओल्या रागातली माफी पुढे आकसते. आधी आतला गंज काढा, मग बोला. आणि न्यायानं जेवढं वाकायचं, त्याहून थोडं जास्तच वाका. ते जास्तीचं काळ आपल्या रंध्यानं सारखं करतो. कमी पडलेलं मात्र काळालाही भरता येत नाही.

आणखी एक खूण सांगतो. पाटाच्या खालच्या अंगाची काही भोकं मेस्त्री मुद्दाम उघडी ठेवतो. सरस लावून भरली, तर पाय पुन्हा हलला की स्क्रूला पिळणार कुठून? म्हणून देवाच्या पुढ्यात बसून एखादं छिद्र कबूल करावं, ते उघडं ठेवावं. दुरुस्तीची वाट तिथूनच असते. मात्र दुसऱ्याच्या पाटाखालची भोकं मोजायला वाकू नये!

गणपती पाटाच्या वर बसतो, पण त्याला पाटाखालचंही दिसतं. त्याच्यापुढे रंग चालत नाही, सांधाच लागतो. तो सांधा घट्ट धरणारा स्क्रू म्हणजे नाम. यंदा पाट खाली काढाल तेव्हा तो हलवून पाहा, आणि त्याच हातानं भावाला फोन लावा.

जय जय रामकृष्ण हरी!