ब्रेक : ताकदीचा आणि भरवशाचा

कवितेच्या माणसानं ट्रकच्या ब्रेकवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरची चूल ट्रकवर पेटायची. अब्बा ड्रायव्हरही होते आणि मालकही. ट्रक एकच, साठच्या दशकातला, लांब नाकाचा, विलायती बनावटीचा. कोल्हापुरात गूळ भरायचा आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचवायचा, हा त्यांचा धंदा.

हा ट्रक मुळात पेट्रोलवर चालणारा. पुढे खर्च परवडेना म्हणून अब्बांनी त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळात अनेकांनी तसं केलं. पण इंजिन बदललं की ब्रेकचाही विचार करावा लागतो. जुन्या ट्रकच्या ब्रेकला पोकळीवर चालणारा बूस्टर असे. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या नळीत पोकळी तयार होते आणि ती बूस्टरला मिळते. डिझेल इंजिनात हवा अडवणारी तशी झडप नसते. म्हणून पोकळीही मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. आमच्या ट्रकला तो होता, पट्ट्यावर फिरणारा.

1982 सालच्या पावसाळ्यात, भरल्या ट्रकनिशी घाट उतरताना तो पट्टा तुटला. टाकीत उरलेल्या पोकळीवर ब्रेक दोनदा लागला. तिसऱ्या वेळी पायाखालचं पेडल दगडासारखं झालं. अब्बा दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले. गिअर खालचाच होता, म्हणून वेग आवरला. तरी ट्रक थांबेना. त्यांनी तो डोंगराच्या बाजूला घासत नेला. क्लीनरकाका लाकडी ठोकळा घेऊन उडी मारून उतरले आणि त्यांनी तो चाकाखाली सारला. ट्रक थांबला, पण काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर अब्बा मिस्त्रींकडे गेले. म्हणाले, “मोठ्यात मोठा बूस्टर लावा.”

मिस्त्री आधी ट्रकखाली शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, “मालक, पायाला जोर मिळंल. पण त्यो जोर सोसणार कोण?”

श्रोतेहो, पॉवर ब्रेकचं मर्म या एका प्रश्नात आहे. बूस्टर स्वतः ट्रक थांबवत नाही. तो फक्त पायाचा जोर वाढवतो. थांबवण्याचं काम चाकातल्या ड्रमचं आणि लायनरचं. पोकळीच्या बूस्टरमागे फार तर वातावरणाचा दाब असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. दाबलेल्या हवेच्या टाकीत तोच सात-आठ किलो भरतो. एवढा जोर जुन्या नळ्यांवर पडला तर कमकुवत नळी फुटणारच.

म्हणून मिस्त्रींनी सगळंच उघडलं. कुजलेल्या रबरी नळ्या, चाकांच्या सिलिंडरमधली रबरं, झिजलेले लायनर, सगळं बदललं. ड्रम लेथवर साफ केले. मग इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर, खाली टाकी आणि ब्रेक ऑइलला ढकलणारा हवेचा बूस्टर बसवला. दीड महिना ट्रक उभा. हप्ते थकले. अब्बा रोज चिडून घरी यायचे.

शेवटी मोकळ्या माळावर वाळू भरून चाचणी झाली. ट्रक जागीच थांबला, पण डावीकडे ओढला गेला. अब्बा म्हणाले, “चालेल.” मिस्त्री म्हणाले, “न्हाई चालणार. घाटात डावीकडं दरी आली तर?” पुन्हा दोन दिवस गेले. ट्रक सरळ थांबला तेव्हाच त्यांनी किल्ली दिली.

सोबत दोन अटीही दिल्या. काट्यावर हवा पुरेशी दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि टाकीत जमणारं पाणी रोज सोडायचं. दाबलेली हवा थंड झाली की पाणी साठतं. सुट्टीत ते काम माझ्याकडे आलं. टाकीखालची चावी फिरवली की फुस्सकन् आवाज व्हायचा आणि हात ओला व्हायचा.

पुढे मी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्याविषयी वाचलं. या अमेरिकन संशोधकानं 1869 साली रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला. त्यात एक उणीव होती : नळी फुटली की ब्रेकच नाही. 1872 साली त्यांनी ती मांडणी उलटी केली. नळीतली हवा गेली की ब्रेक आपोआप लागू लागला. आजच्या अवजड ट्रकांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये हेच तत्त्व आहे : हवा स्प्रिंगला दाबून धरते, हवा गेली की स्प्रिंग चाक अडवते. आपण फसलो तर काय, याचा विचार ज्यानं आधीच केलाय, तो खरा भरवशाचा ब्रेक.

आमच्या ट्रकला ती सोय नव्हती. म्हणून मिस्त्रींनी लोखंडी सळीवर चालणारा हातब्रेक तसाच वेगळा ठेवला. आज कुणी हौसेनं जुना ट्रक उभा करत असेल, तर त्यालाही माझं हेच सांगणं : बूस्टरची किंमत विचारण्याआधी नळ्या तपासा.

क्लीनरकाका बरे होऊन परत आले ते आमच्याच ट्रकवर. पहिल्या खेपेला अब्बांनी त्यांना शेजारी बसवलं आणि घाटाच्या तोंडाशी ट्रक उभा करून दाखवला. काकांनी मान हलवली. मग वाकून सीटखाली हात घातला आणि ठोकळा जागेवर आहे ना, ते पाहिलं.

अब्बांनी 1991 साली ट्रक विकला. तोवर तो ठोकळा सीटखालीच होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)