सातबारा मागू नका, धंदा बघा



महिला आणि अल्पसंख्याक उद्योजकांचा मेळावा भरला की अध्यक्षानं योजनांची यादी वाचायची, टाळ्या घ्यायच्या आणि निघायचं, अशी प्रथा पडली आहे. ती मी आज मोडतो. यादी जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. माझं भांडण धंद्यासाठी कर्ज मागायला आलेल्या बाईला आधी जमिनीचा कागद विचारणाऱ्या रिवाजाशी आहे. तो रिवाज मोडत नाही तोवर आणखी दहा योजना आल्या तरी लोटे, खेड आणि चिपळूणच्या गावांत त्यांचा उजेड पडणार नाही.

आपल्याकडे 'अनुदान' म्हटलं की सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे, असा समज आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, त्याचा हिशेब बघा. ग्रामीण भागात दहा लाखांचं काजू प्रक्रिया युनिट काढणाऱ्या बाईनं किंवा अल्पसंख्याक तरुणानं स्वतःचे पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार घालायचे. उरलेले साडेनऊ लाख बँकेनं मंजूर करायचे. ३५ टक्के अनुदान, म्हणजे साडेतीन लाख रुपये, त्यानंतर येतात आणि तेही तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतात. म्हणजे सरकारनं कितीही उदार टक्केवारी जाहीर केली तरी निर्णय शाखेतल्या टेबलावर होतो. बँकेनं नाही म्हटलं की अनुदानाचा प्रश्नच उरत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही अनुदान बँकेच्या कर्जाला असंच जोडलेलं आहे.

आता त्या टेबलावरचा नियम ऐका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० पासून आहे. विनंती नव्हे, आदेश. कर्ज बुडालं तर नुकसानीचा मोठा भाग भरून देणारा पतहमी न्यास सरकार आणि सिडबीनं २००० सालीच उभा केला, आणि महिलांच्या कर्जाला तो जास्त हमी देतो. २०१५ साली आलेल्या मुद्रा योजनेतही तारण नाही. इतकं असूनही प्रश्न येतो : सातबारा कुणाच्या नावावर आहे? जामीन कोण राहणार? हा प्रश्न तोंडी येतो, नकारही तोंडीच येतो. म्हणून त्याची कुठे नोंद राहत नाही.

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात विचारणं हा दुहेरी अन्याय आहे, कारण इथल्या जमिनीचा इतिहास बँकेला माहीत नसला तरी आपल्याला माहीत आहे. खोतीत कसणारा एक आणि मालक दुसरा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यानंतर कुळकायद्यानं ज्यांना जमीन मिळाली त्यांच्याकडेही ती गुंठ्या-गुंठ्यांनी वाटली गेली. आज एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि तारणाला सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यात बाईचं नाव कुठे? महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातही मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. पण भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. मग तिचा भाऊ कर्जासाठी पात्र ठरतो आणि ती 'जोखमीची' ठरते.

आता समोरची लोट्याची औद्योगिक वसाहत पाहा. कारखानदाराला जमीन कुणी दिली? सरकारनं गावांकडून संपादन केली, रस्ता, पाणी, वीज आणली आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं भूखंड दिला. औद्योगिक विकास महामंडळाच्या संमतीनं तोच भूखंड बँकेकडे तारण ठेवता येतो. उद्योग वाढावा म्हणून हे केलं, त्याला माझा विरोध नाही. पण कारखानदाराच्या हातात तारण सरकारनं दिलं, हे मान्य करा. मग कामगारांचे डबे करणारी, गणवेश शिवणारी बाई बिनतारणी कर्ज मागते तेव्हा तिला फुकट काही हवं आहे, असं कुणी म्हणू नये.

बँकवाले म्हणतात, कर्जं बुडतात. बुडतात, काही नक्कीच बुडतात. पण पुरावा काय सांगतो? बचत गटांच्या कर्जांत थकीत कर्जाचं प्रमाण देशभर दोन टक्क्यांच्या आसपास आहे. आणि याच बायकांना सूक्ष्म वित्त कंपन्या तारणाशिवाय, घरी येऊन, वीस टक्क्यांच्या वर व्याजानं कर्ज देतात आणि हप्ते वसूल करतात. चोवीस टक्क्यांनी फेडणारी बाई दहा-अकरा टक्क्यांनी बुडवेल, हा तर्क मला कुणीतरी समजावून सांगावा. कुणी लिज्जत पापडचा दाखला देतात : १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपयांवर एवढा व्यवसाय उभा केला! खरं आहे. पण ते ऐंशी रुपये उसने घेतलेले होते. विश्वासानं दिलेल्या भांडवलाचीच ती गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाईच्या नावावर नवरा धंदा करतो. हे घडतं, आणि आपल्याच घरांत घडतं. त्याचा दोष मी बँकेवर ढकलणार नाही. पण उपाय सोपा आहे : उद्यम नोंदणी, चालू खातं आणि खरेदी-विक्रीची बिलं तिच्या सहीनं चालतात का, ते तपासा. नवऱ्याचा सातबारा मागून नवऱ्याचाच ताबा पक्का होतो.

तिसरा आक्षेप : धर्म बघून कर्ज कशाला? कारण धर्म बघून नाकारलं गेलं आहे. २००६ च्या सच्चर समितीनं नोंदवलं की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक' ठरवले होते. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त निगम १९९४ साली आला, राज्याचं मौलाना आझाद महामंडळ २००० साली, आणि त्यांच्या कक्षेत मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन सगळे येतात. पण या महामंडळाच्या मुदत कर्जालाही पगारदार किंवा मालमत्ताधारक जामीनदार लागतो. नाकारलेल्यांसाठी काढलेली संस्था नाकारणाऱ्यांचीच अट लावते, याचा मी या व्यासपीठावरून निषेध करतो.

आणि आपले पुढारी? योजनेच्या फलकावर फोटो लावायला सगळे येतात, शाखेत अर्जदारासोबत कुणी जात नाही. त्यांना आणि तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. अर्जाची पोच घ्या. नकार आला तर लेखी कारण मागा, कारण कोणत्याही रकमेचं कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या संहितेनुसार बँकेवर बंधनकारक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सल्लागार समिती दर तिमाहीला बसते, अग्रणी बँक तिथे कर्जवाटपाचे आकडे मांडते. त्या आकड्यांसोबत शाखावार नाकारलेले अर्ज, त्यांची कारणं आणि दहा लाखांच्या आतल्या कर्जांना मागितलेलं तारण हेही मांडलं जावं, हा ठराव मी आता मांडतो. अनुमोदन बायकांतून यावं, आणि पुढच्या बैठकीला लोट्याचे कागद घेऊन त्यांच्यापैकीच दोघींनी जावं.