पिठाच्या डब्यावरची चिठ्ठी

गिरणीतून दळण आणलं की डब्यावर आपल्या नावाची चिठ्ठी असते. पीठ आपल्याच गव्हाचं आहे का, हे मात्र चिठ्ठीवरून कळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं असंच आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे गहू, कुणालाही पाहता येतो. पण तो स्वतः दळत बसतो कोण? आपण कुणीतरी कंपाइल केलेली तयार बायनरी, म्हणजे पीठ, उतरवून घेतो आणि तिच्यावरचा आवृत्ती क्रमांक वाचून निर्धास्त होतो. नाहीतर उगाच घाबरतो.

घाबरण्याची गोष्ट आधी. ७ एप्रिल २०१४ला, इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. १.०.१ ते १.०.१एफ सदोष, १.०.१जी दुरुस्त. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत होती १.०.१ई. डेबियनने नवी आवृत्ती आणलीच नाही. जुनीवर विसंबलेलं बाकीचं बिघडू नये म्हणून तिलाच ठिगळ लावलं. त्यामुळे दुरुस्तीनंतरही प्रोग्रामला आवृत्ती विचारली की उत्तर तेच, १.०.१ई! खरी ओळख पॅकेजच्या लांबलचक क्रमांकात होती: १.०.१ई-२+डेब७यू५. शेवटचं ते ‘यू५’ वाचायचं. मधल्या अक्षरावर अडलेल्यांनी विनाकारण झोप घालवली.

मग पक्की खूण कोणती? हॅश. एसएचए-२५६ ने काढलेली ६४ अक्षरांची ओळ. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती सगळी बदलते. पण तिने सिद्ध होतं ते एवढंच, की डबा वाटेत कुणी उघडला नाही. आत कुठला गहू दळला, हे तपासायला दुसऱ्याने तोच गहू तशाच गिरणीत दळून बिट-न्-बिट तेच पीठ काढून दाखवावं लागतं. त्याला रिप्रोड्यूसिबल बिल्ड म्हणतात. सोपं वाटतं, पण दळल्याची वेळ, फोल्डरचा पत्ता अशा किरकोळ गोष्टीही बायनरीत जाऊन बसतात आणि ताळा चुकतो.

आणि पोत्यातच भेसळ असेल तर? २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघड केला. दूरच्या संगणकात शिरताना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून! आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. क्रमांक अस्सल, खुद्द प्रकल्पाच्याच देखभालकर्त्याने प्रसिद्ध केलेल्या. पण दरवाजा उघडणारी एक ओळ प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच होती, गिट या कोडच्या भांडारातल्या उघड्या कोडमध्ये नव्हती. बाकीचे खडे शेतातही होते, पण चाचणीच्या फाइलींत दडवलेले.

डेबियनला तातडीने मागच्या आवृत्तीवर जायचं होतं. पण अपडेटची यंत्रणा मोठा क्रमांक दिसला तरच हलते. म्हणून त्यांनी पॅकेजवर चिठ्ठी लावली: ५.६.१+रिअली५.४.५. बाहेरून ५.६.१, आत खरोखर ५.४.५.