मावशीला कोणाची भीती नको

आज पदवी घेणाऱ्या माझ्या सिस्टर आणि ब्रदरनो,

गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणाऱ्या भाई केशवराव धोंडग्यांचा हा तालुका. इथल्या कोरडवाहू घरातली मुलगी पांढरा कोट घालून वॉर्डात उभी राहते, तेव्हा तिच्यामागे एका घराची किती वर्षांची ओढाताण असते, हे मी जाणते. दीक्षान्त भाषणात ‘आकाशाला गवसणी घाला’ म्हणायची रीत आहे. आयुष्य वॉर्डात गेलेली बाई आहे मी. मी वॉर्डाच्या फरशीविषयी आणि संडासाविषयी बोलणार आहे.

नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आपल्या भागातलं अडलेलं बाळंतपण, सर्पदंश, अपघात, सगळं शेवटी तिथे जातं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथे २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढच्या चोवीस तासांत आकडा ३१ वर गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, अपुरं मनुष्यबळ, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, सगळ्यावर चर्चा झाली. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिलं ते ३ ऑक्टोबरचं दृश्य. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील पाहणीला आले, संडासाची अवस्था पाहून भडकले आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. व्हिडिओ घरोघर पोचला. डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला.

घाणीवरचा राग मला समजतो. बाळंतीण सुनेला आधार देत त्या संडासात नेणाऱ्या सासूला विचारा, ती याहून कडक बोलेल. पण त्या झाडण्याने काय ठरलं? दुसऱ्या दिवशी सकाळी संडास कोण धुणार, फिनेल कोण देणार, नळाला पाणी नसेल तर फोन कोणाला लावायचा, यातलं काहीच अशा शिक्षेने ठरत नसतं. वर आणखी एक नुकसान झालं. जे काम आपल्या मावशी आणि मामा रोज करतात, ते मोठ्या साहेबाची अब्रू घालवायचं साधन झालं. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात झाडू शिक्षा म्हणून दिला गेला! ते पाहून सकाळच्या पाळीला हाती झाडू घेणाऱ्या मावशीने स्वतःविषयी काय समजायचं?

अपमान करणं सोपं असतं, तो एका दुपारी उरकतो. जबाबदारी रोजची असते आणि तिला नाव लागतं. ‘वॉर्ड स्वच्छ ठेवावा’ या वाक्यात कोणाचंच नाव नाही, म्हणून ते कोणीच पाळत नाही. नोकरीच्या काळात एका रुग्णालयात संडासाच्या दारामागे स्वच्छतेचा तक्ता पाहिला होता. दर दोन तासांची सही. तक्ता भरलेला होता, एकाच पेनाने, एकाच दमात, आणि पुढच्या दोन दिवसांच्या सह्याही आधीच झालेल्या! खालच्या कोपऱ्यात तपासणाऱ्या सिस्टरचीही सही होती. खोटं मावशीने लिहिलं असेल, पण ते खरं म्हणून पुढे पाठवलं आपल्यासारख्या कोणीतरी. उद्यापासून ती खालच्या कोपऱ्यातली सही तुमची असणार आहे.

म्हणून ती सही करण्याआधी खाटेपाशी जा. पेशंट डिस्चार्ज झाला की बहुतेक ठिकाणी चादर बदलतात आणि खाट तयार म्हणतात. तुम्ही गादी उलटून पाहा. रेक्झिन फाटलं असेल तर आतला कापूस मागच्या पेशंटचं रक्त, लघवी सगळं पिऊन बसलेला असतो. लॉकरचा खण उघडा, आत वाळलेला भाकरतुकडा आणि झुरळं सापडतील. खाटेच्या कठड्यावरून बोट फिरवा. उठताना, कूस बदलताना पेशंट हात तिथेच ठेवतो आणि आपणही राउंडला तिथेच टेकतो. सलाइन स्टँडच्या चाकांत केसांचा गुंता असतो. फरशी पुसताना तीन बादल्या का लागतात, हे तुम्ही परीक्षेत लिहून आलात. वॉर्डात एकाच बादलीचं पाणी बाथरूमपासून खाटेपर्यंत फिरताना दिसलं, तर लक्षात ठेवा, ते पुसणं नाही, ते जंतूंचं वाटप आहे.

जबाबदारी खालून वर जाते असं आपण मानतो. मावशीने सिस्टरला जाब द्यायचा, सिस्टरने मेट्रनला. मी तुम्हाला उलटी वाटही दाखवते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात जायला हवी. घाईत तुम्ही ती पिवळ्या पिशवीत टाकलीत, तर ती पिशवी उचलणाऱ्या मावशीच्या तळहातात घुसते. ती बहुधा ठेकेदाराकडची, कंत्राटी. हिपॅटायटिस-बीची लस तिला मिळाली आहे का, हे कोणी विचारलेलं नसतं. स्वच्छतेबाबत तिला जाब विचारण्याआधी तिला तुमच्याकडून जाब मागायचा हक्क आहे.

हा हक्क प्रत्यक्षात आणला की काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. पैनगंगेपलीकडे उमरखेड तालुक्यात उटी नावाचं गाव आहे. तिथल्या आत्माराम गावंडे यांचा मुलगा डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत नामांकित सर्जन आणि लेखक झाला. ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या २००९ च्या पुस्तकात डॉ. गावंडे यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांची हकिकत सांगितली आहे. २००१ साली प्रोनोव्होस्टांनी मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या साध्या पाच पायऱ्या कागदावर लिहिल्या. पहिली होती, साबणाने हात धुणे. महिनाभर नर्सनी नुसतं पाहिलं, तर एक तृतीयांशाहून जास्त पेशंटांच्या बाबतीत डॉक्टर एखादी तरी पायरी गाळत होते. मग प्रशासनाने नर्सना अधिकार दिला: पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवा. वर्षभरात नळीचा जंतुसंसर्ग ११ टक्क्यांवरून शून्यावर आला. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. धाकट्याने थोरल्याला थांबवलं तर धाकट्याची नोकरी जाणार नाही, एवढी हमी होती.

आपल्याकडे रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे. गुण मिळतात, बक्षीस मिळतं आणि त्यातून बरीच रुग्णालयं खरोखर सुधारली. पण तपासणीच्या आदल्या रात्री नवे पडदे लावणारीही आहेत. कमिटी आठवड्याने येणार की वर्षाने, याच्याशी जखमेला देणंघेणं नसतं.

तुम्ही म्हणाल, मॅडम, साठ पेशंटला दोन सिस्टर आणि एक मावशी असताना हे जमायचं कसं? खरं आहे, सगळं जमणार नाही. पण जे जमत नाही ते लपवू नका. फिनेल संपलं तर तोंडी सांगून गप्प बसू नका. इंडेंट बुकात लिहा, तारीख घाला, पोच घ्या. नळ गळतोय, मावशीची जागा रिकामी आहे, ठेकेदाराने हातमोजे दिले नाहीत, तेही लिहा. कागदावर आलेली कमतरता टेबलाटेबलाने वर चढते आणि ज्याने पैसे, पदं आणि पाणी द्यायचं त्याच्यापर्यंत पोचते. न लिहिलेली कमतरता शेवटी सर्वांत गरीब माणसाच्या माथी मारली जाते.

उद्या नोकरीवर रुजू झालात की पहिल्या दिवशी वॉर्डातल्या मावशीचं नाव विचारा आणि तिला सांगा, ‘मी हात न धुता पेशंटला हात लावला तर मला टोका.’ ती हसेल, विश्वास ठेवणार नाही. ज्या दिवशी ती खरंच टोकेल, त्या दिवशी चारचौघांत तिला ‘बरोबर आहे मावशी’ म्हणा आणि हात धुवायला जा. तुमच्या वॉर्डाची स्वच्छता तिथून सुरू होईल. आज मिळालेली पदवी तुम्हाला तेवढं धैर्य देवो.