पदकांआधी नकाशा



नकाशा व होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी रानातील ठरावीक खुणा गाठीत धावणे, हा ओरिएंटीअरिंगचा खेळ. मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमनजीक त्याची मोठी शर्यत भरविली. १९३८ मध्ये स्वीडनचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

अशा महासंघाच्या वार्षिक उद्दिष्टांत पदकांचा आकडा आधी लिहिण्याचा मोह होतो. माझ्या मते पहिले कलम नकाशांचे असावे. १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणाच्या या नकाशावर खडक, ओहळ, पायवाटा, झाडीची दाटी, सारे प्रत्यक्ष फिरून नोंदवावे लागते. एका बाजूचे जंगल तोडले गेले, की नकाशा जुना झालाच! शर्यत जाहीर करून मग नकाशाकार शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरे कलम जमीनमालकांचे. तेथे रानात हिंडण्याचा हक्क सर्वांनाच आहे; तथापि शेकडो धावपटू उतरवायचे, तर मालकांशी व शिकाऱ्यांशी आधी बोलणे भाग असते. वसंतात वन्य प्राण्यांच्या विणीचा काळ, शरदात एल्क या महाकाय हरणाची शिकार. यांतून तारखा काढावयाच्या असतात.

शाळांचे म्हणाल, तर शारीरिक शिक्षणात तेथे हा विषय आहेच. तेव्हा शाळेच्या आवाराच्या लहानशा नकाशाचा खर्च निवडक खेळाडूंच्या परदेश दौऱ्याआधी मंजूर व्हावा.