फिरत्या घरांतला बंब



तांब्याचा बंब मराठी घरांना नवा नाहीं. मधोमध विस्तवाची नळी, भोंवतीं पाणी आणि वर धूर जाण्यास वाट. युरोपांत मोटारघरें घेऊन हिंडणाऱ्या प्रवाशांच्या गाडींतहि असाच एक बंब असतो. फरक इतकाच कीं, तेथें लांकडांऐवजीं गॅस जळतो, ठिणगी विजेनें पडते, आणि त्याच ज्योतीवर दहा-एक लिटर पाण्याबरोबर गाडींतील हवाहि तापते. हा बंब रुसला म्हणजे केवळ स्नानाची अडचण होते असें नव्हे. हिंवाळ्यांत डोंगरावर त्याच्यावरच रात्र काढावयाची असते.

समजा, एक वयस्क दांपत्य स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून पिरेनीज पर्वतांतील अँडोरा या चिमुकल्या राज्यांत आलें आहे. तेथील एन्व्हलीरा घाटाची उंची २४०८ मीटर. घाटाजवळ मुक्काम पडतो. संध्याकाळीं बंब उत्तम चालतो. पण पहाटेस तीन वाजतां गाडी गार पडल्यानें दोघांनाहि जाग येते. गृहस्थ कळ बंद करून पुन्हां लावतात. ठिणगीचा टकटक आवाज येतो, ज्योत मात्र धरत नाहीं, आणि तांबडा दिवा लागतो. पांच वेळां तोच प्रकार होतो. अखेर हत्यारें घेऊन ते बंबाचें झांकण उघडावयास बसतात.

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. येथें तसेंच होऊं पाहत असतें. बंबाला वीज, हवा आणि गॅस या तीन गोष्टी बाहेरून लागतात. पुष्कळदां दोष त्यांतच असतो. तेव्हां चौकशीहि याच क्रमानें व्हावी.

बाई आधीं विजेकडे पाहतात. १२ व्होल्टांची बॅटरी उतरली असती, तर दिवे मंद झाले असते आणि पंखाहि नीट फिरला नसता. दोन्ही ठीक आहेत. मग कंदील घेऊन बाहेर धुराड्याचें तोंड पाहावयाचें. तें बर्फानें बुजलेलें नाहीं ना, त्यावरील टोपण काढावयाचें राहिलें नाहीं ना? कित्येक गाड्यांत धुराड्यावरची खिडकी उघडी राहिली तरी बंब मुद्दाम बंद पडतो, कारण धूर आंत येऊं नये. तेथेंहि कांहीं दोष नाहीं.

उरला गॅस. त्याची परीक्षा फार सोपी आहे. खिडकी किलकिली करून स्वयंपाकाची शेगडी क्षणभर पेटवावी. शेगडी जोमानें जळली, तर दोष बंबाकडे. तीहि मलूल जळली, तर दोष त्याच्या अलीकडे. शेगडी मलूल जळते. सिलिंडर हलवून पाहावा, तर तो चांगला जड लागतो!

भरलेल्या सिलिंडरांत गॅस नाहीं, हें कसें? कोडें सुटतें तें सिलिंडराच्या नारिंगी रंगावरून. स्पेनमध्यें घरोघर दिसणाऱ्या या सिलिंडरांत ब्यूटेन असतो. शून्य अंशाच्या आसपास पोहोंचतांच ब्यूटेन द्रवरूपांतच राहतो. त्याची वाफ होत नाहीं, आणि जळते ती वाफच. प्रोपेन मात्र उणें ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. संध्याकाळीं चाललेला बंब पहाटेस कां थांबला, याचें उत्तर हेंच.

आतां दोन मोह टाळावयाचे. ज्योतीनें सिलिंडर शेंकणें हा एक, आणि खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेणें हा दुसरा. बंद जागेंत जळणाऱ्या ज्योतींतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूं देत नाहीं. थंडीनें माणूस जागा होतो. या वायूनें तो कायमचा निजतो. अशा गाडींत त्याची सूचना देणारी घंटा असावीच.

त्या रात्रीं पांघरुणें वाढवावीं. मुक्कामाच्या जागीं विजेची जोडणी असल्यास विजेची शेगडी लावावी. बंबांतील पाणी मात्र सोडून द्यावें. पाण्याचें बर्फ होतांना तें सुमारें नऊ टक्के फुगतें आणि टाकी फोडतें. म्हणूनच एका प्रचलित बनावटींत सुमारें ३ अंशांवर एक झडप आपोआप उघडून पाणी बाहेर टाकते, आणि सुमारें ७ अंशांपर्यंत ऊब आल्याखेरीज ती पुन्हां लागत नाहीं. अजाण प्रवासी याला गळती समजून घाबरतो.

सकाळीं ऊन वर येतें, शेगडी जोमानें जळूं लागते, आणि बंब पुन्हां पेटतो. तो बरा झाला असें समजून पुढें निघणें म्हणजे दुसऱ्या रात्रीं तोच प्रसंग ओढवून घेणें होय. दांपत्य आधीं प्रोपेनचा सिलिंडर आणि त्याला जुळणारी जोडणी घेतें. गॅसचा वास आला असता, किंवा धुराड्याशीं काजळी दिसली असती, तर सिलिंडर बंद करून जाणत्या कारागिराचीच वाट पाहावी लागली असती. या वेळीं मात्र बंबाचा एकहि स्क्रू न फिरवितां दोष सांपडला, आणि झांकण जसेंच्या तसें राहिलें.